अस्तर दिसलं

व्हॅनचं सरकतं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, हे ताईच्या हाताला अजून आठवत होतं. पहिल्यांदा साधं आपटायचं, दुसऱ्यांदा रागाने. बाबांना आत बसवून तिने ते तसंच लावलं आणि पुढे येऊन बसली. चालवणाऱ्याच्या जागेवर आईची उशी होती, नमुन्याच्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली. आई ठेंगणी, उशीशिवाय तिला रस्ताच दिसत नसे. चिमण्याने ती उशी उचलली, कुठे ठेवावी ते त्याला सुचेना, शेवटी ताईच्या मांडीवर दिली. तो उशीशिवायच छताला टेकत होता.

चिमण्या हे नाव त्याला पडलं तेव्हा तो मुठीएवढा होता. आता तो शाळेत जीवशास्त्र शिकवतो, वजनकाट्याच्या वाटेला जात नाही, आणि पोरं त्याला मागे काय म्हणतात ते त्याला ठाऊक नसलेलंच बरं. घरात मात्र अजून चिमण्याच.

"निघायचं ना, बाबा?" त्याने आरशात बघून विचारलं.

बाबांनी हूं की चूं केलं नाही.

तीच तर काळजी होती. थंडीच्या तोंडाशी आई गेली आणि तेव्हापासून बाबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. एरवी हा माणूस म्हणजे कोण! पेशाने शिंपी, पण हातातल्या कात्रीपेक्षा जीभ तेज. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता त्याच्या सासूपर्यंत पोचणारा. आता विचारलं तर मान हलवायची, वाढलं तर जेवायचं, आणि उरलेला वेळ शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसायचं. मशीन चालवायचं नाही, नुसता हात. डॉक्टरांनी तपासलं, ठणठणीत आहेत म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पण माणूस असा आतून मिटत गेला, की..." आणि पुढचं बोललेच नाहीत. ताईला ते न बोललेलंच जास्त ऐकू आलं. दुकान आता तीच चालवत होती. कापड कापताना मध्येच ती मागे वळून बघे, बाबा बसलेत ना म्हणून. आईपाठोपाठ हेही असेच बसल्या जागी विझतील, ही भीती तिला सोडत नव्हती.

तळ्यावर जायची कल्पना तिचीच. तिथे तरी हा माणूस तोंड उघडेल, असा तिचा हिशेब होता.

तळं म्हणजे साधंसुधं नव्हे. समुद्राच्या कडेकडेने वाळूची एक लांबच लांब पट्टी गेलेली, तिच्या अलीकडे अडकून पडलेलं खारं पाणी. दिवसभर गाडी हाकली तरी ते पाणी खिडकीतून हलत नाही. कुठे गुडघाभर, कुठे नुसता चिखल, आणि जिथे चिखल तिथे पक्षी. शाळांचे गणवेश शिवून झाले, की दरवर्षी बाबा दुकानाला कुलूप लावत आणि सगळं बिऱ्हाड या व्हॅनमध्ये कोंबलं जाई. तंबू बाबांनी स्वतः शिवलेला, दुकानाच्या जुन्या छपरीच्या कापडाचा. एका शिवणीतून तो नेमका चिमण्याच्या डोक्यावर गळायचा, आणि बाबा म्हणायचे, ती शिवण मुद्दाम तशी ठेवली आहे, पोरगं वाढीला लागेल.

गाडी आई चालवायची. "मालक गाडी चालवत नसतात," असं बाबा ऐटीत सांगायचे आणि शेजारी बसून हुकूम सोडायचे. त्यांची ऐट गावभर प्रसिद्ध होती. रस्त्यात समोरून गिऱ्हाईक आलं तरी ओळख दाखवत नसत. लोक म्हणत, शिंपी आहे की सरदार.

आणि तळ्यावर पोचले की बाबांचा खरा अवतार सुरू व्हायचा. काठावर दोन घडीचे स्टूल मांडायचे, एकावर ते, शेजारी आई. मग बाबा एकदम हात उंच करून ओरडायचे, "तो बघा, मापवाला!"

मापवाला म्हणजे पाण्यात उभा असलेला राखी बगळा. छातीचं माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक जसं श्वास रोखून, मान ताठ करून, आता संपेल मग संपेल म्हणत उभं असतं, अगदी तसा. पंख पसरून खुंटावर वाळत बसलेला पाणकावळा म्हणजे हँगर. दुभंगलेल्या शेपटीचा सुरय हवा कापत जाई, ती कात्री. लाटेच्या कडेने तुरुतुरु धावणारे, थांबणारे, परत धावणारे इवले पक्षी म्हणजे धावदोरा. आणि सगळ्यात शेवटी, पाण्याच्या पार मध्यात उभे असलेले लांब पायांचे पांढुरके पक्षी. उभे असताना त्यांच्यात काही राम नसे. पण एकदा का उडाले, की पंखांच्या आतून असा काही लालभडक रंग उघडायचा, की पाहणाऱ्याचं तोंड उघडंच राहावं. साध्या कोटाला राजेशाही अस्तर लावलेलं असावं तसं. तेव्हा बाबा उभे राहून सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडत, "अस्तर दिसलं!"

"कुठे, बाबा, कुठे?" पोरं विचारायची.

"हे काय इथे! डोळे आहेत की काजं?"

हा शब्द पुढे घरात रुजला. एखादा खडूस माणूस अचानक मायेने बोलला, की आई-बाबा एकमेकांकडे बघून म्हणत, अस्तर दिसलं.

या साऱ्यात आई कुठे होती? आई होती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर, मान खाली घालून, मांडीवरच्या कामात. दुकानाची उरलेली काजं ती सोबत आणायची. काजं करताना सतत पुटपुटायची. मुलं म्हणत, आई दोऱ्याशी भांडतेय. मध्येच बाबांचा हात उंच झाला, की ती त्यांची बाही ओढून नीट करायची. शिंप्याच्या बायकोला वाकडी बाही खपत नाही, एवढंच ताईला त्यातून कळलेलं. आणि आता, स्वतःचे केस पिकल्यावर, ताईला तेच फार लागत होतं. सगळ्यांनी मजा मारली आणि आईने एवढ्या लांब येऊनही काजंच केली. तिने ते तळं कधी धड पाहिलंही नाही.

चिमण्याचं दुखणं वेगळं होतं. लहानपणी शाळेच्या परीक्षेत प्रश्न आला, पाच पाणपक्ष्यांची नावं लिहा. पठ्ठ्याने झोकात लिहिलं: मापवाला, हँगर, कात्री, धावदोरा, अस्तर. बाईंनी तो पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. चिमण्या शून्य घेऊन आणि लालबुंद कान घेऊन घरी आला, तर बाबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तो दिवस आणि आजचा दिवस, चिमण्याने त्या नावांवर बहिष्कार घातला. पुढच्याच वर्षी त्याने तळ्यावर पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि बाबा ओरडले की हा पुस्तकातून खरं नाव ओरडायचा. ताई म्हणते, त्या शून्यातूनच जीवशास्त्राचा मास्तर जन्माला आला.

या खेपेलाही ते पुस्तक होतंच, शिवाय गळ्यात दुर्बीण. मिठागरांपाशी गाडी थांबवून चिमण्या उतरला. "बाबा, राखी बगळा. तो बघा, खांबाच्या डावीकडे."

बाबांनी मान हलवली.

पुलावर परत थांबले. "हा शेकाट्या. ते तुतवार. बाबा, तुतवार किती आलेत बघा यंदा."

मान हलली, बस्स. ताईने मुद्दाम खडा टाकून पाहिला. "बाबा, हे याचे तुतवार म्हणजे आपले कोण हो?"

बाबा काचेबाहेर बघत राहिले. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण शब्द काही आला नाही. हा माणूस धावदोरा विसरला असेल, तर मग उरलं काय?

संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकला. शिवण अजून तीच, जागच्या जागी. चिमण्याने न बोलता आपलं अंथरूण तिच्याखाली घातलं. बाबा लवकर आडवे झाले. भांडी विसळताना चिमण्या हळूच म्हणाला, "ताई, आपण उद्या परत जाऊ या. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

"उद्याची सकाळ जाऊ दे," ताई म्हणाली. तिनेही मनातून हात टेकले होते, पण तसं म्हणायला जीभ रेटेना.

सकाळ उजाडली ती स्वच्छ. पाणी हलत नव्हतं. पार मध्यात पांढुरक्या पक्ष्यांची रांगच रांग उभी होती. चिमण्या मागे स्टोव्हशी झटापट करत होता. बाबा काठावर स्टुलावर बसले होते, कोट घालून, आणि त्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. शिंप्याच्या लेकीला दुसरं काहीही सहन होईल, लोंबतं बटण नाही.

ती शिवणाचा डबा घेऊन आली. दुसऱ्या स्टुलावर आईची उशी टाकली, बसली, आणि सुईच्या नेढ्याशी झगडू लागली. वाचायचा चष्मा गाडीत राहिलेला. तिची तीनचारदा फजिती झाल्यावर बाबांनी न बोलता सुई तिच्या हातातून घेतली, नाकाशी नेली आणि एका दमात ओवून परत दिली. या वयात, चष्म्याशिवाय. बाबांच्या नजरेचं घरात भारी कौतुक होतं.

ती बटण लावू लागली. काम सुरू झालं की पुटपुटायची सवय तिलाही होती, आईकडून आलेली. "ये इकडे... हं... आता खालून..." एक टाका घालून तिने सहज मान वर केली. समोर, काठापासून जवळच, एक इटुकला पक्षी पाण्यात बुडी मारून नाहीसा झाला. तिने दुसरा टाका घातला. पक्षी भलतीकडेच वर आला.

"आता ही कोण बाई," ती दोऱ्याकडे बघत पुटपुटली. "गेली खाली. आली का? नाही अजून... आली. पण मागे आली की. परत खाली. आता बघा, पुढे निघाली..."

तिच्या हाताखालचा कोट हलला. बाबा तिच्या बाजूला झुकले होते. चेहरा समोर तळ्याकडे, पण कान तिच्या तोंडाशी.

"मागे येते, मग पुढे जाते?" त्यांनी हळूच विचारलं. आवाजाला गंज चढलेला.

"हो," ताई कशीबशी म्हणाली.

बाबांचा हात उंच गेला. "चिमण्या! ती बघ, उलटी टीप!"

मागे काहीतरी धातूचं खाली पडलं. ताईच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. बाबांचा हात त्या पक्ष्याकडे नव्हताच, पार सुरूच्या झाडांकडे रोखलेला होता. आणि तिच्याही नकळत तिचा हात वर गेला, बाबांची बाही धरून तिने ती हलकेच डावीकडे ओढली. हात पाण्यावर आला.

बाही नीट करणं म्हणजे हे होतं तर.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला तो पक्षी दिसतोय?"

"मला कधी दिसलंय?" बाबा अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. "हातभर अंतरापलीकडे सगळं दूधच दूध. लहानपणापासून. जवळचं मात्र लख्ख, शिंप्याला आणखी काय लागतं?"

"मग चष्मा?"

"आमचे वडील म्हणायचे, चष्म्याचा शिंपी दिसला की गिऱ्हाईक दारातून मागे फिरतं. पुढे तुझी आई आली. मग काही अडलंच नाही. ती सांगायची, मी ओरडायचो."

ताईला एकेक गोष्ट दिसू लागली. मालक गाडी का चालवत नव्हते. सरदार रस्त्यात ओळख का दाखवत नव्हता. आणि आई मान खाली घालून कोणाशी भांडत होती. ती दोऱ्याशी भांडत नव्हती. बगळा माप द्यायला उभा आहे म्हणत होती, पाण्याकडेला कोणीतरी धावदोरा घालतंय म्हणत होती.

"मग ती स्वतः का नाही ओरडली?"

"लाजायची. म्हणायची, देवाने तुम्हाला एवढा गळा दिलाय, त्याचा कुठेतरी उपयोग होऊ दे." बाबा हसले. त्यांचं ते हसू किती महिन्यांनी दिसत होतं. "मी आपलं तिने सांगितलेल्याला नाव ठेवायचो. कधी कधी नावही तिचंच. अस्तर तिचं आहे."

ताईने जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं. "बाबा, तिला आवडायचं का हो इथे? की आपणच तिला ओढून आणायचो?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने सदऱ्याला तीन बाह्या लावल्या होत्या. "ओढून? ही गाडी कोणाच्या हट्टापायी घेतली? गणवेश शिवता शिवता तिचं सारखं चालायचं, यंदा कात्र्या लवकर येतील का, पाणी टिकलं असेल का. काजं तर ती दुकानातच संपवू शकत होती. पण रिकाम्या हाताने बसलं की पुटपुटणं पोरांच्या लक्षात येईल, म्हणून मागे ठेवायची."

ताईने थांबलेला टाका ओढून घेतला. बरीच वर्षं तिने ज्या बाईची कीव केली होती, तिने सगळ्यांच्या आधी सगळं पाहिलं होतं.

"आणि मग तुम्ही बोलायचंच सोडलंत," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं..."

"काय बोलू? ओरडायला काहीतरी दिसायला हवं ना. चिमण्या कालपासून पुस्तक वाचून दाखवतोय. पोरगं मेहनत घेतं, पण पुस्तकातून काही दिसत नाही गं."

ताईने मागे पाहिलं. चिमण्या किटली हातात धरून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. चहा जमिनीवर सांडलेला, आणि दुर्बीण गळ्यात लोंबत होती.

तेवढ्यात लांबवर कशाने तरी पाणी हललं. पांढुरक्या रांगेच्या एका टोकाने धावायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळी रांग पाण्यावरून पळत सुटली. एक उठला, मग दहा, मग मोजायला जागाच उरली नाही. पंख उघडले. आतला लाल रंग एकदम सगळ्या आभाळभर झाला.

बाबांनी पंखांचा आवाज ऐकला. ते तिच्या बाजूला झुकले, कान पुढे करून. "काय झालं? उडाले का?"

ताईने तोंड उघडलं. शब्द फुटेना. आईने हे दरवर्षी पाहिलं होतं. पाहून, मान खाली घालून, हळूच दुसऱ्याच्या कानात ठेवून दिलं होतं. ताईने पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास आला.

"अगं सांग ना," बाबा म्हणाले.

चिमण्या पुढे आला. एवढा आडवातिडवा माणूस, बाबांच्या दुसऱ्या अंगाला गुडघ्यांवर बसला. एका शून्यापायी अर्धं आयुष्य जो शब्द त्याने तोंडात येऊ दिला नव्हता, तो त्याने बाबांच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, आईच्या आवाजाच्या मापात उच्चारला.

"बाबा, अस्तर दिसलं."

बाबा उभे राहिले. बटणाची सुई कोटाला तशीच लटकत होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हात उंच केला, आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "अस्तर दिसलं! अरे पोरांनो, अस्तर दिसलं!"

हात पार भलतीकडे, गाडीच्या टपाकडे रोखलेला होता. ताईने डोळे पुसले, बाही धरली आणि नीट केली.

"कुठे, बाबा?" चिमण्याने आभाळाकडे बघत विचारलं. "कुठे?"

"हे काय इथे!" बाबा म्हणाले. "डोळे आहेत की काजं?"